ढाणकीची डावखुरी आणि आमचे कंट्रोलर

युद्धाचा निकाल रणांगणावर लागत नाही, तो सेनापतीच्या मनात आधीच लागलेला असतो, असं थोर माणसं सांगत आली आहेत. आमच्या नेरमध्ये तो बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर लागतो, आणि आमच्या सेनापतीच्या मते तो दरवेळी आपल्या विरुद्धच लागलेला असतो.

या सेनापतीचं नाव वामनराव गावंडे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना अजून कंट्रोलरच म्हणतं. उंच, थोडे वाकलेले, आणि चेहरा कायम असा की आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगून गेलं आहे आणि दुसरं कुणीतरी तीच घेऊन येत आहे. स्टँडपलीकडच्या मुलींच्या शाळेत बेसबॉलचा सामना असला की ते कुंपणाची तार धरून उभे असतात. पण खेळ ऐन रंगात आला, आपल्या संघाची मुलगी तिसऱ्या बेसवरून होमकडे धावत सुटली, की हा माणूस मैदानाकडे पाठ करतो आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभा राहतो.

"पोचली काय?" ते टाकीला विचारतात.

"पोचली," मी सांगतो.

"नक्की पोचली? का माह्यं मन राखाले सांगून राह्यले?"

पंचानं मान्य केलं, मुली नाचायला लागल्या, की मग वळतात. म्हणजे आपल्या संघाची एकही धाव त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही. संध्याकाळी टपरीवर मात्र प्रत्येक धावेचं वर्णन तेच करतात, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांना मधे बोलू देत नाहीत.

नेरमध्ये बेसबॉल कुठून आला, असं बाहेरचे लोक विचारतात. तो ढोले मॅडमनी आणला. मॅडम शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात आणि हिशेबाला पक्क्या आहेत. कबड्डीत आमच्या मुली तालुकाच ओलांडत नाहीत; खो-खोत तर आमच्याकडे हरण्याचीसुद्धा परंपरा आहे. बेसबॉलचे संघ जिल्ह्यात इतके थोडे, की दोन-तीन सामने जिंकले की जिल्हा खिशात. जिल्हा जिंकला की विभाग, आणि पुढं नशिबानं साथ दिली तर दहावीला वाढीव गुण. एखाद्या खेळाच्या प्रसाराचं याहून प्रामाणिक कारण मी ऐकलेलं नाही.

वामनराव त्यात शिरले ते निवृत्तीनंतर. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सवयीनं रोज स्टँडवर जाऊन बसायचे आणि गाड्यांना उशीर झाला की अस्वस्थ व्हायचे. नव्या कंट्रोलरनं काही दिवस सहन केलं आणि मग, "काका, जरा मोकळ्या हवेत बसत जा," असं सुचवलं. मोकळी हवा शाळेच्या मैदानात होती. तिथं त्यांनी एक मुलगी फळीनं चेंडू मारून पळताना, पहिल्या बेसवर थबकताना, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या बेसवर जाताना पाहिली. मॅडमना नियम विचारले. त्याच संध्याकाळी टपरीवर त्यांनी मला गाठलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो, त्यामुळे मला नवीन काही कळलं तर चालतं असा गावाचा समज आहे.

"सर, हे त एसटीच हाय," ते म्हणाले. "गाडी इथून सुटली. हा पहिला थांबा, हा दुसरा, हा तिसरा. अन् हा डेपो. गाडी सुटली याले काही अर्थ नसते. तिसऱ्या थांब्यावर उभी हाय, यालेही नसते. डेपोत लागली त लागली."

बेसबॉलवर याहून चांगली व्याख्या मला अजून मिळाली नाही. फक्त तिचा परिणाम असा झाला, की नोकरीत असताना जी काळजी ते गाड्यांची करत ती सगळी या मुलींवर आली. नोकरीत असताना एखादी गाडी उशिरा असली तर ते घरी जात नसत. बायको म्हणायची, यांची भूक टाइमटेबलवर चालते. आता वैष्णवीचा ताप, साक्षीची घटक चाचणी, फळीमागं चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या बुटाचा तळ, यातल्या कशानंही त्यांचं जेवण चुकतं. "मले लक्षण काही ठीक दिसून नाही राह्यलं," हे त्यांचं वाक्य. आपण दहा धावांनी पुढं असताना ते हे वाक्य जास्त जोरात म्हणतात.

वैष्णवी ही आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. चांगली टाकते, पण शेवटच्या डावात दमते. तिला बदलायचं की नाही, हा नेरमधला एकमेव प्रश्न आहे ज्यावर माणसं जात, पक्ष आणि भाऊबंदकी विसरून भांडतात. बदलाच्या पक्षाचे पुढारी मोहन डहाके. यांचं कृषी केंद्र आहे, आणि ते जगाकडे फवारणीच्या नजरेनं पाहतात.

"दोन डाव झाले का साक्षीले आणा," डहाके म्हणतात. "एकच औषध घडीघडी मारलं का अळीले सवय पडते."

"घाटात डायवर बदलत नसतेत," वामनराव म्हणतात.

"नेरात घाट कुठी हाय, कंट्रोलर?"

"शेवटचा डाव म्हणजे घाटच."

"अन् डायवरले झोप लागली त?"

"मंग कंट्रोलर कायले हाय?"

निवाड्यासाठी दोघंही माझ्याकडे बघतात. दोन्ही उपमा उत्तम आहेत, आणि दोन्हींचा बेसबॉलशी संबंध नाही, असं मी एकदा म्हणालो. त्या दिवसापासून माझा चहा मलाच सांगावा लागतो.

मागच्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आम्हाला ढाणकीनं हरवलं. ढाणकी म्हणजे उमरखेड तालुक्यातली बाजारपेठ, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. एरवी आमचा आणि त्यांचा संबंध हवामानाच्या बातम्यांपुरता. पण त्यांच्याकडे पायल राठोड नावाची एक पिचर होती, जवळच्या तांड्यावरची, आणि ती डावखुरी होती. आमच्या मुलींनी जन्मात डावखुरा चेंडू पाहिला नव्हता. एकेक जण फळी फिरवायची आणि चेंडू कुठून गेला ते मागं वळून शोधायची. त्या दिवसापासून वामनरावांना ढाणकीचा ध्यास लागला. पेपरात ढाणकीच्या बाजारात हरभरा महागला असं आलं तरी ते म्हणायचे, "पाहा, तिकडं सगळं ठीक चालू हाय. लक्षण बरं नाही."

आणि मग त्यांना एक गोष्ट आठवली. आमच्या जिल्ह्यात चामड्याचे हातमोजे कमी. दोन संघांत मिळून एकच संच असतो. एका संघाचं क्षेत्ररक्षण संपलं की मुली हातमोजे मैदानातच टाकून जातात, आणि दुसऱ्या संघाच्या मुली तेच उचलून घालतात. ते सगळे उजव्या हातानं फेकणाऱ्यांचे, म्हणजे डाव्या हातात घालायचे. डावखुरीला त्यातला एकही चालत नाही. पायल उघड्या हातानं खेळायची.

"मधलं फाटक उघडं हाय," वामनराव टपरीवर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर आनंदासारखं काहीतरी दिसलं. "चेंडू सरळ तिच्याचकडं मारा. अडवाले हातात काही हायेच नाही. बाजूले सरकन, नाही त खाली बसन. अन् आपली गाडी निघून जाईन."

योजना साधी होती. ढोले मॅडमनी ती उचलली. पावसाळा संपेपर्यंत मुली पिचरच्या जागी एक जुनं टायर उभं करून त्याच्यावर चेंडू मारत होत्या, आणि वामनराव तारेपलीकडून "अजून मधात, अजून मधात" करत होते. गुप्तता पाळायची असं ठरलं होतं, म्हणून त्यांनी ही योजना फक्त विश्वासातल्या लोकांना सांगितली. नेर स्टँडवर रोज येणाऱ्या गाड्यांचे सगळे वाहक त्यांच्या विश्वासातले आहेत. स्पर्धेच्या दिवशी आम्ही यवतमाळच्या मैदानावर पोचलो तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या संघांना ती माहीत होती.

पहिल्या दिवशी आमचा सामना सकाळी होता, तो आम्ही जिंकला. दुपारी ढाणकीचा उपांत्य सामना दुसऱ्या एका संघाशी होता, आणि आम्ही शत्रूचा अंदाज घ्यायला थांबलो. वामनराव, डहाके आणि मी दोरीपलीकडे बसलो होतो. पायल डाव्या हातानं टाकत होती. लहानशी मुलगी, वेणी घट्ट, ओठ घट्ट. समोरच्या संघातली एक धिप्पाड मुलगी आली आणि तिनं चेंडू फळीच्या मधोमध घेतला. तो सरळ गेला. पायलला ना बाजूला सरता आलं ना बसता आलं. तिनं उजवा हात पुढं केला.

आवाज आमच्यापर्यंत आला.

ती मनगट पोटाशी धरून वाकली. पंच गेले, पाणी आलं. मग ती सरळ झाली, हात दोनदा झटकला आणि जागेवर जाऊन उभी राहिली. सामना ढाणकीनं जिंकला.

"जमलं," डहाके म्हणाले. "उद्याले एक हात गेला तिचा. कंट्रोलर, मानलं तुमाले."

 वामनरावांचा हात त्यांच्याच मनगटावर होता.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, पण त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते सकाळी. सामन्याआधी मुली मैदानाला फेऱ्या मारत होत्या, आणि मला वामनराव पलीकडच्या बाजूला, ढाणकीच्या तंबूकडे जाताना दिसले. मी मागून गेलो. काही झालं तर साक्षीदार असावा, एवढ्यासाठी.

ढाणकीचे प्रशिक्षक जाधव सर तरुण होते, डोक्यावर टोपी उलटी. पायल मागं खुर्चीवर बसली होती, मनगटाला रुमाल बांधलेला. रुमालाच्या वर हात सुजलेला दिसत होता.

"सर," वामनराव म्हणाले, "मी नेरचा. तुमच्या पोरीले आज टाकू देऊ नका."

जाधव सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून?"

"हाताले सूज हाय. आमच्या पोरी सरळ मारतेत. मीच शिकवलं त्याईले. सवय झाली आता. पुन्हा एक लागला त हाड जाईन."

"म्हणजे आमची एक नंबर पिचर आमी काढाची."

"हाव."

"अन् तुमी जिंकाचं."

"तुमची दुसरी असन ना कोणी. पिचर बदलत असतेत." हे वाक्य वामनरावांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो, आणि मला डहाकेंची उणीव भासली.

जाधव सर हसले. वाईट हसले नाहीत; मोठा माणूस लबाडी करताना पकडला गेला की लहान माणूस हसतो तसे हसले. "काका, तुमची कीर्ती आली हाय आमच्याकडं. आमाले येडं समजून राह्यले काय? डॉक्टरनं पाह्यला तिचा हात. मुरगळला फक्त. जा, चहा घ्या."

"मी खरं सांगून राह्यलो."

"हाव, माहीत हाय. जा आता."

परत येताना वामनराव एकदा वळून थांबले. मला वाटलं, पुन्हा जातात. पण ते सरळ आमच्या मुलींकडे गेले.

"पोट्ट्याहो, ऐका. सरळ नाही मारायचं. बाजूले मारा."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. ढोले मॅडमनी शिट्टी तोंडातून काढली. "काका, काय बोलून राह्यले? दोन महिने टायरवर मारून घेतलं मी."

"मॅडम, तिच्या हाताले सूज हाय."

"मग?"

"मग काय. दुसऱ्याची लेक हाय."

मॅडमनी एकदा ढाणकीच्या तंबूकडे पाहिलं. त्या शिक्षिका आहेत आणि त्यांनाही दोन मुली आहेत. पण विभागसुद्धा एका सामन्यावर होता, आणि त्यात या मुलींचे गुण. साक्षीची आई धुणीभांडी करते. ते गुण फुकटचे नव्हते. मॅडमनी इतकंच म्हटलं, "जमेल तशा बाजूला मारा. नाही जमलं तर नाही." आणि शिट्टी पुन्हा तोंडात घातली.

तो सामना मी आयुष्यात विसरणार नाही, याचं कारण खेळ नाही. माझ्या शेजारी नेरचा सर्वांत निष्ठावान माणूस उभा होता, आणि आमची मुलगी फळी उचलायची तेव्हा तो ढाणकीच्या पिचरसाठी डोळे मिटून घ्यायचा. आमचा चेंडू हुकला की सुटकेचा श्वास सोडायचा. डहाके त्याच्याकडे रोखून बघत होते.

"कंट्रोलर, तुमी कोण्या गावचे?"

"बाजूले मारा," वामनराव दोरीवरून ओरडले. "बाजूले, वो पोरी."

इकडे जाधव सरांनी आपली बुद्धी चालवली होती. नेरचा म्हातारा सकाळी स्वतः येऊन 'आम्ही सरळ मारतो' म्हणून गेला, तेव्हा तो आपल्याला घाबरवायला आला होता आणि नेर सरळच मारणार, हे त्यांनी ताडलं. पिचरला आडोसा म्हणून त्यांनी आपल्या मुली मधे ओढून घेतल्या. पायलच्या डावीउजवीकडे आणि मागं गर्दी झाली, आणि मैदानाच्या दोन्ही कडा मोकळ्या पडल्या.

पहिले दोन डाव आमच्या मुलींच्या हाताची सवय जात नव्हती. एक चेंडू पायलच्या कानाजवळून गेला, तेव्हा वामनराव खाली बसले. तिसऱ्या डावापासून चेंडू बाजूला जायला लागले. बाजूला कुणीच नव्हतं. जाधव सरांना वाटलं, हे चुकून जात आहेत. शेवटच्या डावात बरोबरी होती, वैष्णवी तिसऱ्या बेसवर, आणि साक्षीनं चेंडू उजव्या कडेला असा ढकलला की तो हळूहळू, एखाद्या गावच्या जत्रेला निघाल्यासारखा, गवतात गेला.

वैष्णवी पोचली. नेर जिल्ह्यात पहिलं आलं.

वामनरावांनी ते पाहिलं नाही. ते पायलकडे बघत होते. ती खाली बसून दातांनी रुमालाची गाठ सोडवत होती.

पुढं जे झालं त्याला मी इतिहासलेखन म्हणतो. गाडी नेरला परत येईपर्यंत कंट्रोलर हे महान डावपेची ठरले होते. आधी शत्रूच्या गोटात जाऊन खोटी बातमी पेरली, शत्रूला मधे गोळा केलं आणि दोन्ही बगलांवर हल्ला केला. डहाके, जे सामनाभर त्यांना गाव विचारत होते, सगळ्यांना सांगत होते की त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. शाळेत सत्कार झाला. एक पुढारी आले. त्यांनी बेसबॉलला दोनदा व्हॉलीबॉल आणि एकदा बॅडमिंटन म्हटलं, आणि वामनरावांच्या कामगिरीत त्यांना महाराष्ट्राची माती, गनिमी कावा आणि येत्या निवडणुकीचं चिन्ह एकाच वेळी दिसलं. शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

"कावा नव्हता," वामनराव माईकला म्हणाले. "त्या पोरीचा हात सुजला होता. मले भेव वाटलं."

सभेत हशा पिकला आणि मोठ्या टाळ्या पडल्या. एवढा मोठा माणूस आणि केवढा विनय, असं माझ्या मागं कुणीतरी म्हणालं. वामनराव नारळ पोटाशी धरून खाली बसले.

"सर," ते मला हळूच म्हणाले, "तिचा हात कोण पाहत असन?"

विभागाचे सामने अमरावतीला होते. नेरहून अमरावती जवळ. टपरी बंद ठेवून, डहाकेंच्या मालवाहू गाडीत बसून निम्मं गाव निघालं. मी स्टँडवर वामनरावांना घ्यायला गेलो तर ते समोरच्या बाजूला, यवतमाळकडे जाणाऱ्या गाडीच्या रांगेत उभे होते. हातात पिशवी, पिशवीत हळदीची पुडी आणि मोसंबी.

"कुठं?"

"ढाणकीले."

"आज? वामनराव, विभाग आहे आज."

"आज रविवार हाय. शाळा नसन. पोरगी घरी सापडन."

अमरावतीत आम्ही पहिल्याच सामन्यात गारद झालो. समोरच्या संघात प्रत्येकीकडे स्वतःचा हातमोजा होता. आमच्या मुलींनी पहिला डाव संपल्यावर सवयीनं आपले मैदानात टाकून दिले आणि त्यांना ते कुणी उचलत का नाही हे कळेना. दुसऱ्या दिवशी टपरी पुन्हा उघडली. वामनराव आले, बसले. निकाल विचारला नाही. मीच त्यांना विचारलं, गेले होते का.

"गेलतो. तांडा गावापासून आत हाय. दुपार झाली." चहा आला. "तिच्या बापाले समजेच ना, मी कायले आलो. त्याले वाटलं, स्थळ घेऊन आलो. म्हणे, पोरगी अजून शिकून राह्यली, आताच नाही करायचं."

"मग?"

"मंग मी त्याले खेळ समजावून सांगितला. अंगणात खडे मांडून. पहिला थांबा, दुसरा, तिसरा. पोरगी काय करते हे त्याले माहीतच नव्हतं. संध्याकाळपर्यंत ऐकलं त्यानं माह्यं. मधात एकदाही बोलला नाही." ते बशीत चहा ओतू लागले. "भाकर खाऊ घातली. पुन्हा या म्हणे."

"आणि पायल? हात कसा आहे?"

"ती नव्हती. मामाच्या वावरात गेलती, मायसंगं. परतीची गाडी होती, थांबता आलं नाही."

"म्हणजे एवढं जाऊन हात पाहिलाच नाही तुम्ही."

वामनरावांनी बशी संपवली. "सकाळपासून कापूस वेचाले गेलती, सर," ते म्हणाले, आणि स्वतःहून खायला मागवलं.

कापूस दोन्ही हातांनी वेचावा लागतो.